दिवस भरण्याआधी

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते आणि आठव्या महिन्यात जन्मलेले मात्र हाती लागत नाही, ही समजूत उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या रायगडच्या किनाऱ्यावर, आणि खरे म्हटले तर साऱ्या महाराष्ट्रात, अद्यापही इतकी खोल रुजलेली आहे की आठव्या महिन्यात कळा सुरू झालेल्या सुनेकडे पाहून घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या तोंडचे पाणी पळते, आणि पुष्कळदा ‘आता काय व्हायचे ते होईल’ असे म्हणून मौल्यवान घटका वाया जाऊ दिल्या जातात. ही समजूत केवळ अशिक्षितांची म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात असे सांगितले आहे की आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते, ते मातेकडून गर्भाकडे आणि गर्भाकडून मातेकडे ये-जा करीत राहते, आणि म्हणून त्या महिन्यातील प्रसूती संकटाची असते. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेतही आठव्या महिन्याच्या बालकावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. एकमेकांपासून हजारो कोस दूर असलेल्या दोन वैद्यपरंपरांनी एकाच महिन्याचे भय बाळगावे, हे विचार करण्यासारखे आहे खरे. परंतु आजच्या रुग्णालयांच्या नोंदवह्या निःसंदिग्धपणे उलट साक्ष देतात. गर्भाशयात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बालकाच्या पदरात पडतो, आणि बत्तीस आठवड्यांचे मूल अठ्ठावीस आठवड्यांच्या मुलापेक्षा कितीतरी अधिक सुरक्षित असते. त्याला अपवाद असलेला महिना नाही.

मात्र त्या जुन्या कल्पनेतील एक धागा आधुनिक शास्त्राच्या हाती वेगळ्या वाटेने आला आहे. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत मातेच्या शरीरातून बालकाकडे संरक्षण करणारे काहीतरी वाहत जाते, हे आता प्रयोगशाळेत मोजता येते. प्राचीनांना प्रतिपिंडांचे ज्ञान होते असा दावा मी करणार नाही, कारण तसा दावा त्यांच्यावरही अन्याय करतो आणि शास्त्रावरही. परंतु माता आणि गर्भ यांच्यामध्ये संरक्षणाचा काही व्यवहार चालतो आणि तो महिन्यागणिक पालटत जातो, एवढे निरीक्षण मोलाचे आहे. हा व्यवहार कसा चालतो, तो वेळेआधी मोडला तर काय होते, आणि तो मोडू नये म्हणून आपल्या किनाऱ्यावरच्या घरांतून काय करता येण्याजोगे आहे, हे या लेखात सांगायचे आहे.

सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी झालेल्या जन्माला वैद्यकशास्त्र अकाली प्रसूती म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2020 साली जगभर सुमारे 1 कोटी 34 लाख बालके अशी अपुऱ्या दिवसांची जन्मली, आणि त्यांपैकी 30 लाखांच्या आसपास एकट्या भारतात. पाच वर्षांखालील बालमृत्यूंच्या कारणांत अकाली जन्म आज सर्वांत वरच्या स्थानी आहे. इतक्या मोठ्या आपत्तीविषयी सामान्य वाचकाला जे ठाऊक असते ते बहुधा ‘बाई फार दगदग करीत होती’ किंवा ‘पाय घसरून पडली’ एवढेच असते. दगदगीचा आणि अपघाताचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. पण या आपत्तीचा फार मोठा भाग शरीराच्या रोगप्रतिकारसंस्थेत घडतो, आणि तो कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

या विषयातील मूळ कोडे पीटर मेडावर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1953 साली मांडले. एका माणसाच्या अंगावरील त्वचा दुसऱ्याच्या अंगावर लावली तर प्रतिकारसंस्था तिला परकी ठरवून थोड्याच दिवसांत नष्ट करते, हे मेडावरला स्वतःच्या प्रयोगांवरून पक्के ठाऊक होते. या क्षेत्रातील कार्याबद्दलच त्याला 1960 साली बर्नेट याच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. मग ज्याचा निम्मा वारसा पित्याकडून आलेला, म्हणजे मातेच्या दृष्टीने जो निम्मा परकाच, तो गर्भ तिच्या उदरात नऊ महिने सुखरूप कसा राहतो? मेडावरने तीन शक्यता सुचविल्या: माता आणि गर्भ यांच्यामध्ये शारीरिक पडदा असावा, गर्भाच्या अंगी परकेपणाची खूण अजून उमटलेली नसावी, अथवा गर्भारपणात मातेची प्रतिकारशक्तीच निद्रिस्त होत असावी. यांतील तिसरी शक्यता लोकांच्या मनात घर करून बसली, आणि ‘गर्भारपणात प्रतिकारशक्ती कमी होते’ हे वाक्य आजही डॉक्टरांच्या दवाखान्यांपासून घराघरांतील गप्पांपर्यंत ऐकू येते. ते अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळे दिशाभूल करते.

मुरूड-अलिबागच्या वाचकाला एका उदाहरणाने हे समजेल. पावसाळा लागला की गेटवे ते मांडवा जाणाऱ्या लाँचना मज्जाव होतो, धक्क्यावर वेगळा बावटा चढतो, कोणत्या होडीला बाहेर जाण्याची मुभा आणि कोणत्या होडीला नाही हे नव्याने मुकर्रर होते. तरी त्या काळात बंदर ओस पडलेले नसते आणि बंदरावरचा अंमलदार झोपलेला नसतो, उलट त्याची नजर अधिकच सावध असते. गर्भारपणातील प्रतिकारसंस्थेचे असेच आहे. तिचा कारभार थांबत नाही, ऋतूप्रमाणे तिचे हुकूम बदलतात.

पहिल्या ऋतूत गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो, आणि हे रुजणे म्हणजे एक प्रकारची जखमच असते. तेथे दाह निर्माण होतो, पांढऱ्या पेशींची गर्दी जमते, आणि त्या पेशींपैकी सुमारे सत्तर टक्के पेशी ‘नैसर्गिक मारक’ या जातीच्या असतात. नाव भयंकर असले तरी गर्भाशयात त्यांचे काम संहाराचे नसते. वारेला रक्त पुरविणाऱ्या मातेच्या अरुंद, वळणावळणांच्या धमन्या रुंद करून घेण्याच्या कामी त्यांचे मोठे साहाय्य होते. हे काम अपुरे राहिले तर पुढे रक्तदाब वाढणे, बालकाची वाढ खुंटणे आणि अकाली प्रसूती हे सर्व संभवते. वारेच्या ज्या पेशी मातेच्या अस्तरात घुसतात त्या आपल्या पृष्ठभागावर एक विशेष खूण धारण करतात आणि त्या खुणेमुळे मातेच्या पेशी त्यांना उपद्रव देत नाहीत. शिवाय नियामक टी-पेशी नावाची एक तुकडी या ठिकाणी तैनात होते आणि पित्याकडून आलेल्या खुणांविरुद्ध उठणारा प्रत्येक उठाव शमवीत राहते. पहिल्या तीन महिन्यांतील मळमळ, थकवा आणि अंग मोडून येणे यांच्या मुळाशी बऱ्याच अंशी संप्रेरके असली, तरी शरीरात त्याच वेळी चाललेल्या या उलथापालथीचा विचार केला म्हणजे त्या बाईला थोडी विश्रांती द्यावी असे घरच्या माणसांना वाटावयास हरकत नाही.

दुसरा ऋतू शांततेचा. चौथ्या महिन्यापासून सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत दाह शमविणाऱ्या शक्तींचे वर्चस्व असते आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या छायेत गर्भाशय निवांत राहते. फिलिप हेंच या अमेरिकन वैद्याने 1938 साली नोंदवून ठेवले की संधिवाताने जखडलेल्या कित्येक स्त्रियांची सांधेदुखी गर्भारपणात जवळजवळ नाहीशी होते आणि बाळंतपणानंतर पुन्हा उसळते. शरीरात असे काय तयार होत असावे, या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता तो आणि त्याचे सहकारी कॉर्टिसोनच्या उपचारापर्यंत पोहोचले आणि 1950 सालच्या नोबेलचे मानकरी झाले. गर्भवतीच्या शरीराकडे नीट पाहण्याने सर्व मानवजातीला एक औषध मिळाले, याचे मला नेहमी मोठे समाधान वाटते.

तिसरा ऋतू पुन्हा दाहाचा. प्रसूतीची वेळ जवळ येते तशा पांढऱ्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूंत आणि गर्भाशयाच्या मुखात शिरू लागतात, दाह भडकविणारे रासायनिक संदेश वाढतात, प्रोजेस्टेरॉनचा प्रभाव ओसरतो, प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये निर्माण होतात, गर्भाशयमुखातील घट्ट तंतू विरघळून ते मऊ होते, पाणमोट कमकुवत होते आणि स्नायू एका तालात आकुंचन पावू लागतात. ज्याला आपण कळा म्हणतो ते या साऱ्या उलाढालीचे अखेरचे प्रकट रूप होय. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 साली दाखवून दिले की गर्भवतीच्या रक्तातील पांढऱ्या पेशींचे हे बदल इतके क्रमबद्ध असतात की त्यांवरून गर्भारपणाचा आठवडा जवळपास ओळखता येतो. आणि 2021 मध्ये त्यांनीच असेही दाखविले की कळा सुरू होण्याच्या सुमारे दोन ते चार आठवडे आधीच शरीर गर्भ राखण्याच्या अवस्थेतून गर्भ बाहेर पाठविण्याच्या तयारीत शिरलेले असते. म्हणजे कळा अचानक आल्या असे आपल्याला वाटते तेव्हा त्यांचा हुकूम बराच आधी सुटलेला असतो.

एवढे ध्यानात आले की अकाली प्रसूतीचे रहस्य पुष्कळसे उलगडते. जो दाह नवव्या महिन्यात शरीर स्वतः आपल्या वेळापत्रकाने उत्पन्न करते, तोच दाह एखाद्या जंतूने, एखाद्या विषारी द्रव्याने अगर एखाद्या जुनाट आजाराने सहाव्या किंवा सातव्या महिन्यात पेटविला, तर गर्भाशयाला त्या दोहोंतला फरक करता येत नाही आणि ते आपले ठरलेले कर्म आरंभते. अकाली प्रसूतींपैकी पंचवीस ते चाळीस टक्के प्रसूतींत गर्भाशयातील जंतुसंसर्गाचा हात असावा असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. हे जंतू बहुतेक वेळा योनिमार्गातून वर चढतात. अंगावरून पांढरे जाणे, त्याला दुर्गंधी येणे, लघवीला जळजळ होणे या तक्रारी आपल्याकडील स्त्रिया आईजवळसुद्धा संकोचाने बोलतात, मग डॉक्टरपुढे बोलण्याची गोष्टच सोडा. या लज्जेची किंमत कधीकधी एका जिवाने चुकती होते. लघवीतील जंतुसंसर्ग तर लक्षणांवाचूनही असू शकतो आणि साध्या तपासणीत तो सापडतो. वेळीच उपचार झाला तर तो मूत्रपिंडापर्यंत पोहोचत नाही.

प्रतिकारसंस्थेचे हुकूम बदललेले असल्यामुळे काही विशिष्ट रोग गर्भवतीवर विलक्षण क्रूरपणे तुटून पडतात. 1955-56 च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेचे दूषित पाणी नळांतून घरोघर गेले आणि सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. त्या साथीत गर्भवतींचे मृत्यू इतरांच्या मानाने फारच अधिक होते. ती कावीळ हेपॅटायटिस-ई या विषाणूची होती हे पुढे निष्पन्न झाले, आणि या विषाणूच्या अभ्यासात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने मोलाची भर घातली आहे. अखेरच्या तिमाहीत हा रोग झाला तर शंभरांत वीस-पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. इन्फ्लुएन्झाचेही असेच: 1918 च्या साथीत आणि पुन्हा 2009 मध्ये स्वाइन फ्लू पुण्यात शिरला तेव्हा गर्भवतींना वेगळे जपावे लागले. कोविडच्या काळात मुंबईचे नायर रुग्णालय आणि परळची राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था यांनी कोविडग्रस्त गर्भवतींची ‘प्रेगकोविड’ नावाची नोंदवही उघडली, आणि दुसऱ्या लाटेने या स्त्रियांवर पहिलीपेक्षा कितीतरी जबर आघात केला हे त्या दप्तरातूनच सिद्ध झाले. फॅल्सिपेरम जातीच्या हिवतापाचा परजीवी तर खास वारेतच दडून बसतो. तेथील दाहाने बालकाचे वजन घटते आणि दिवस अपुरे राहतात. ज्या किनाऱ्यावर पावसाळ्यात गावोगाव पाणी साचते तेथे गर्भवतीने मच्छरदाणीत निजावे आणि पाणी उकळून प्यावे, हा सल्ला जुना वाटला तरी त्याच्या मागचे शास्त्र असे नवे आणि खंबीर आहे.

अकाली प्रसूती रोखण्याच्या इतिहासात आपल्या भाषेच्या मुलखातील एका पुरुषाचे नाव जगभर घेतले जाते. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म 1899 साली गोव्यातील शिरोडा येथे झाला, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे तेथेच ते प्राध्यापक झाले. ज्यांचे गर्भाशयमुख चौथ्या-पाचव्या महिन्यात विनावेदना उघडते आणि ज्यांचे गर्भ पुनःपुन्हा गळून जातात अशा स्त्रियांसाठी त्यांनी गर्भाशयमुखाभोवती टाका घालण्याची शस्त्रक्रिया शोधून काढली आणि 1955 मध्ये ती प्रसिद्ध केली. प्रारंभी या टाक्यासाठी ते रुग्णाच्याच मांडीतील चिवट पडद्याची पट्टी वापरीत. ‘शिरोडकर टाका’ या नावाने ही शस्त्रक्रिया आजही देशोदेशी केली जाते. परंतु टाक्याची ताकद आणि त्याची हद्द दोन्ही समजून घेतली पाहिजेत. मुख मुळात दुर्बळ असेल तर टाका त्याला आधार देतो; आत जंतुसंसर्गाने दाह पेटलेला असेल तर मात्र तो टाका घालणेच धोक्याचे ठरते, कारण तेथे शरीर गर्भाला बाहेर काढू पाहत असते ते त्याच्या स्वतःच्या दृष्टीने सकारण असते. यांत्रिक उपाय एका टोकाला आणि प्रतिकारसंस्थेचा कारभार दुसऱ्या टोकाला, अशी ही समस्या आहे, आणि दुसरे टोक आपल्या हाती अद्याप पुरते आलेले नाही.

तथापि जे हाती आहे त्याकडेही आपण पाठ फिरवावी, याचे दुःख मला अधिक होते. मशेरीचीच गोष्ट घ्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली ही पूड कोकणातल्या आणि देशावरच्या असंख्य स्त्रिया सकाळ-संध्याकाळ दातांना लावतात; मासळीची पाटी घेऊन पहाटे निघणाऱ्या बाईपासून घरात सून आलेल्या सासूबाईंपर्यंत कोणालाही ती वर्ज्य नाही, आणि गर्भारपणात मळमळ थांबते, शौचाला साफ होते अशा समजुतीने काही जणी तर ती अधिकच लावतात. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या या संशोधकांनी मुंबईत घरोघर जाऊन 1,217 गर्भवतींची नोंद केली, प्रसूतीपर्यंत त्यांचा मागोवा घेतला आणि 2004 साली आपले निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडले. या स्त्रियांपैकी सुमारे 17 टक्के धूरविरहित तंबाखू वापरीत होत्या, आणि तो तंबाखू बहुतांशी मशेरीच्या रूपात होता. ही सवय असलेल्या स्त्रियांच्या बालकांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले आणि गर्भारपणाचा काळ सरासरी सहा दिवसांनी तोकडा झाला. सहा दिवस म्हणजे फारसे काही नाही असे कोणास वाटेल, पण सरासरीच्या आड भयंकर टोके लपलेली असतात: बत्तीस आठवड्यांआधी प्रसूती होण्याचा संभव या स्त्रियांत जवळजवळ पाच पट आढळला. निकोटिनमुळे वारेकडील रक्तवाहिन्या आकसतात, आणि तंबाखूने हिरड्या कायम चिघळत्या राहतात. आजारी हिरड्या आणि अकाली प्रसूती पुष्कळदा एकाच स्त्रीच्या ठायी आढळतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मात्र गर्भारपणात हिरड्यांवर उपचार केल्याने अकाली प्रसूती टळली, असे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. यावरून मला एवढेच दिसते की दातांची आणि मशेरीची काळजी दिवस गेल्यावर नव्हे, लग्नाआधीच घ्यावयास हवी.

औषधांच्या बाजूने सर्वांत आशादायक बातमी आली ती नागपूर आणि बेळगाव येथून. पहिलटकरणींना अगदी आरंभीच्या महिन्यांत, म्हणजे सहाव्या ते तेराव्या आठवड्याच्या दरम्यान, अल्प मात्रेत रोज ॲस्पिरिन सुरू केले तर अकाली प्रसूती टळतात काय, याची चाचणी सहा देशांत घेण्यात आली आणि भारतात तिची केंद्रे ही दोन शहरे होती. सुमारे बारा हजार स्त्रियांनी तीत भाग घेतला. 2020 च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे केवळ दिखाऊ गोळी घेतलेल्या स्त्रियांत अकाली प्रसूतीचे प्रमाण 13.1 टक्के होते, ते ॲस्पिरिन घेणाऱ्यांत 11.6 टक्क्यांवर आले. फरक दीड टक्क्याचा. परंतु जेथे लाखांनी प्रसूती होतात तेथे दीड टक्का म्हणजे हजारो पाळणे होत. ॲस्पिरिनमुळे वारेतील रक्तप्रवाह सुधारतो आणि दाह घडविणाऱ्या द्रव्यांच्या निर्मितीला काही अंशी आळा बसतो. हे औषध कोणी दुकानातून आणून आपल्या मनाने घेऊ नये, कारण काही स्त्रियांना ते अपाय करते. पण पहिल्या दोन-तीन महिन्यांतच नाव नोंदविलेल्या स्त्रीलाच त्याविषयी डॉक्टरांना विचारता येते, हे ध्यानात ठेवावे. पाचव्या महिन्यात पहिल्यांदा दवाखाना पाहणारीच्या बाबतीत ती वेळ निघून गेलेली असते. लवकर नाव नोंदविण्याचा आणखी एक लाभ असा की आरंभीच्या सोनोग्राफीने दिवसांचा हिशेब अचूक लागतो. पाळीची तारीख विस्मरणात गेलेल्या स्त्रीचे मूल खरोखरच अकाली जन्मले की मुळात लहान जन्मले, हे पुढे कोणासच सांगता येत नाही.

आता अखेरच्या महिन्यांतील त्या वाहत्या संरक्षणाकडे वळू. मातेच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून बालकाकडे जातात ती मुख्यत्वे शेवटच्या तिमाहीत, आणि त्यांतही सर्वांत अधिक अखेरच्या चार-पाच आठवड्यांत. मातेला गर्भारपणात दिलेल्या धनुर्वाताच्या लशीचा लाभ नवजात बालकाला मिळतो तो याच मार्गाने. सुईणीच्या हातून अस्वच्छ पात्याने नाळ कापली जाऊन धनुर्वाताने बालके दगावण्याचे प्रकार एके काळी गावोगाव घडत, आणि 2015 साली भारत मातांच्या व नवजातांच्या धनुर्वातापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले त्यात या लशीचा मोठा हिस्सा आहे. अठ्ठावीस-तीस आठवड्यांत जन्मलेल्या बालकाला हा वारसा अपुरा मिळतो. त्याची फुप्फुसे कच्ची असतात हे सर्वांना ठाऊक असते; त्याची तटबंदीही कच्ची असते हे फारसे कोणाला ठाऊक नसते, आणि म्हणूनच अशी बालके पुष्कळदा श्वासाच्या संकटातून वाचून पुढे जंतुसंसर्गाने जातात.

मातेचे दूध ही उणीव बऱ्याच प्रमाणात भरून काढते. पहिल्या दिवसांतील चीक जड म्हणून पिळून टाकण्याची जी रूढी काही घरांत आहे तिच्यासारखा आत्मघात नाही, कारण त्या चिकात प्रतिपिंडांचा साठा असतो. ज्या मातांना दूध येत नाही त्यांच्या बालकांसाठी शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातील पहिली दुग्धपेढी उभी केली. बालकाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची पद्धत कोलंबियातील बोगोटा शहरी 1978 च्या सुमारास डॉ. एडगर रे यांनी यंत्रांच्या तुटवड्यातून सुरू केली, आणि 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत असे आढळले की कमी वजनाचे बालक जन्मल्याबरोबर लगेच असे धरले तर मृत्यूंत सुमारे एक चतुर्थांश घट होते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा तेथील कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. आईच्या छातीच्या उबेला विजेची गरज लागत नाही, ही गोष्ट अशा किनाऱ्याला विशेष मोलाची आहे. आणि घरी पोहोचलेल्या बालकाचे काय, याचे उत्तर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दिले आहे: गावातल्याच स्त्रियांना शिकवून त्यांनी नवजातांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटविले, हे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले, आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी पुनःपुन्हा फेरी मारतात त्या प्रथेचे मूळ तेथे आहे.

रायगडच्या किनाऱ्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. रेवदंड्याची खाडी, राजपुरीची खाडी, घाटातले वळणावळणाचे रस्ते आणि पावसाळ्यातले चार महिने. जिल्हा रुग्णालय अलिबागेस आणि त्यापुढचे मोठे उपचार पनवेल-मुंबईकडे. म्हसळा किंवा श्रीवर्धन तालुक्यातल्या एखाद्या वाडीतून रात्री निघालेल्या स्त्रीच्या दृष्टीने प्रत्येक तास जड असतो. अकाली कळा लागलेल्या मातेला स्टेरॉइडची इंजेक्शने दिली तर बालकाची फुप्फुसे वेगाने पक्व होतात, हे लिगिन्स आणि हॉवी यांनी न्यूझीलंडमध्ये 1972 साली दाखविले, आणि बेळगावचा सहभाग असलेल्या 2020 च्या बहुदेशीय चाचणीने आपल्यासारख्या देशांतील सुसज्ज रुग्णालयांतही नवजातांचे मृत्यू त्यामुळे कमी होतात हे सिद्ध केले. मात्र या औषधाचा पुरता प्रभाव पडण्यास काही तास, शक्यतो एक संपूर्ण दिवस, जावा लागतो. कळा ‘खोट्या’ असतील म्हणून सकाळपर्यंत वाट पाहणारे कुटुंब नेमका तोच दिवस गमावते.

यास्तव किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराला माझी विनंती आहे. दिवस गेल्याचे कळताच आशाताईकडे अथवा उपकेंद्रात नाव नोंदवा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी होते, तिला जा. रक्त, लघवी आणि रक्तदाब पाहून घ्या, कारण महाराष्ट्रातल्या जवळजवळ निम्म्या गर्भवतींच्या अंगात रक्त कमी असते. घरातली मशेरीची डबी सासूबाईंनी स्वतः आधी बंद करावी, म्हणजे सुनेला सांगण्याचा अधिकार त्यांना येईल. आणि सदतीस आठवड्यांआधी पोट पुनःपुन्हा दगडासारखे घट्ट होऊ लागले, कंबरेत थांबून थांबून कळ येऊ लागली, पाणी गेले, रक्त दिसले किंवा ताप भरला, तर कोणाच्याही संमतीची वाट न पाहता 108 क्रमांकावर फोन करा आणि त्याच रात्री निघा.